नवी पिकअप घेण्यापूर्वी: संजयला पत्र

कोपरखैरणे, नवी मुंबई
१२ जानेवारी २०२६

प्रिय संजय,

सप्रेम नमस्कार.

तुर्भ्याच्या मसाला बाजारातून ठाण्या-कळव्याच्या दुकानांना माल पोहोचवण्यासाठी स्वतःची पिकअप घ्यायची असे तू ठरवलेस, हे ऐकून फार आनंद झाला. भाड्याच्या टेम्पोची वाट पाहण्यात तुझ्या किती सकाळी वाया गेल्या, हे मला ठाऊक आहे. डीलरशी कसे बोलावे, असे तू फोनवर विचारलेस. आकड्यांच्या गोष्टी फोनवर नीट सांगता येत नाहीत आणि ऐकणाऱ्याच्या लक्षातही राहत नाहीत, म्हणून सविस्तर लिहितो आहे. शोरूममध्ये जाताना हे पत्र बरोबर ने.

सर्वांत महत्त्वाचे आधी सांगतो. घासाघीस करायची ती गाडीचे पासिंग होऊन, नंबरप्लेट लागून ती तुझ्या ताब्यात येईपर्यंत तुझ्या खिशातून जाणाऱ्या एकूण रकमेवर. ही रक्कम बाबवार लिहिलेली, तारीख आणि सही-शिक्का असलेली अशी एकाच कोटेशनवर हातात आल्याशिवाय टोकन म्हणून एक रुपयाही देऊ नकोस. शोरूमची किंमत आपल्याला दिसते, त्यामुळे आपण तिच्यावरच भांडतो आणि दहा-पंधरा हजार कमी झाले की समाधानाने घरी येतो. डीलरची मिळकत मात्र कर्जातून, विम्यातून, अ‍ॅक्सेसरीजमधून आणि जुनी गाडी बदलून घेण्यातूनही होत असते, आणि एका ठिकाणी सोडलेले पैसे दुसऱ्या ठिकाणी वसूल करणे त्याला सहज जमते. यात मी त्याला दोष देत नाही. त्याचा तो धंदा आहे. पण तुझाही धंदा आहे, आणि तुझ्या धंद्यातील पहिले मोठे भांडवल या एका कागदावर ठरणार आहे.

तो कागद कसा वाचायचा ते सांगतो. पहिली ओळ शोरूम किमतीची असते आणि तिच्यात जीएसटी धरलेला असतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ही कपात सरकारने केलेली आहे, म्हणून ती कोणी ‘आमची खास सूट’ म्हणून दाखवू लागला तर ती सुटीत धरू नकोस. सूट मोजायची ती आजच्या छापील किमतीपासून. त्याखाली रस्ता कर येतो. आपल्या राज्यात साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांना २०२५ पासून किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर लागतो, तेव्हा त्यात घासाघिशीला जागा नाही. फक्त गुणाकार करून आकडा बरोबर आहे का ते पाहा. नोंदणीची आणि बँकेचा बोजा चढवण्याची सरकारी फी ठरलेली असते आणि ती काही हजारांच्या आतच असते. शोरूम किंमत १० लाखांच्या वर गेली तर १ टक्का टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच गोळा केला जाणारा आयकर, घेतात, पण तो तुझ्या पॅनवर जमा होतो आणि विवरणपत्र भरताना तुझ्या करातून वजा होतो, म्हणून त्याची चिंता नको.

चिंता करायची ती त्याखालच्या ओळींची. मी माझी गाडी घेतली तेव्हा मिळालेल्या पहिल्या कोटेशनवर अगदी तळाशी ‘इतर खर्च’ अशी ओळ होती आणि तिच्यापुढे एकच गोल आकडा होता. मी विचारले, ‘‘हे कशाचे?’’ विक्री करणारा मुलगा म्हणाला, ‘‘साहेब, आरटीओचे, लॉजिस्टिकचे, सगळे त्यात आले.’’ मी म्हणालो, ‘‘आरटीओची फी तर वर वेगळी लिहिली आहे. आणि कारखान्यातून गाडी इथे आणण्याचा खर्च शोरूम किमतीत नसेल, तर ती शोरूमची किंमत कशी?’’ त्याने कोणालाही न विचारता पेन उचलले आणि त्या ओळीवर आडवी रेघ मारली. मॅनेजरची परवानगी लागली नाही, कॅल्क्युलेटर लागला नाही. हँडलिंग चार्जेस, लॉजिस्टिक, डेपो खर्च अशा कोणत्याही नावाने ही रक्कम आली, तरी तिची पावती कोणत्या नियमाखाली देणार एवढेच शांतपणे विचार.

आणखी एक ओळ परमिटची असते. मालासह एकूण वजन तीन हजार किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ प्रमाणे परमिट लागतच नाही. तू पाहत असलेल्या गाड्यांपैकी लहान गाड्या या मर्यादेत बसतात आणि मोठ्या पिकअप तिच्या वर जातात, म्हणून गाडीचे एकूण वजन आधी पाहा आणि त्यानुसार परमिटच्या खर्चाची ओळ राहू दे किंवा काढायला लाव. मसाल्याच्या पोत्यांचे वजन तुला माझ्यापेक्षा चांगले कळते. एका खेपेला खरोखर किती माल जाणार आहे हे ठरवूनच शोरूमची पायरी चढ. कोणती गाडी घ्यायची हे ज्याचे ठरलेले नसते, त्याला विक्रेता एक पायरी वरची गाडी दाखवतो, आणि मग भाव करायचे राहूनच जाते.

विम्याकडे विशेष लक्ष दे. तृतीय पक्ष विम्याचा हप्ता सरकार ठरवते, तो सगळीकडे सारखाच. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा जो भाग असतो, त्यात मात्र कंपनीनुसार आणि विकणाऱ्यानुसार मोठा फरक पडतो. डीलरकडूनच विमा घेण्याची सक्ती त्याला करता येत नाही, तेव्हा त्याच्या कोटेशनमधला विमा घे, त्यावरची गाडीची धरलेली किंमत, म्हणजे आयडीव्ही, उतरवून घे आणि तेवढ्याच आयडीव्हीवर बाहेरून दोन ठिकाणी दर माग. व्यापारी गाडीच्या विम्यात एक गोष्ट कोणी आपण होऊन सांगत नाही: आयएमटी २३ हे कलम जोडलेले नसेल, तर दिवे, टायर, मडगार्ड, बंपर, बॉनेटच्या बाजूचे भाग आणि रंग यांचे नुकसान साधारणपणे भरून मिळत नाही. तुर्भ्याच्या गल्ल्यांत मागे-पुढे करताना पहिला ठोकर लागतो तो बंपरला आणि दिव्यालाच, म्हणून हे कलम घेतलेच पाहिजे. चालकाची आणि माल चढवणाऱ्या माणसाची जोखीम त्यात आहे का, तेही विचार. स्वस्त विम्याचा कागद दाखवून एकूण रक्कम कमी केलेली असेल, तर काय गाळले आहे ते आधी पाहा.

आता कर्जाविषयी. येथे मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्या ओळखीतले बहुतेक लोक येथेच नाडले जातात. शोरूममध्ये बसल्यावर चहाबरोबर पहिला प्रश्न येतो, ‘‘साहेब, महिन्याला किती भरू शकाल?’’ याचे उत्तर देऊ नकोस. तू पंधरा हजार म्हणालास की पुढची सगळी गणिते पंधरा हजारांत बसवली जातात. मुदत पाचाची सात वर्षे होते, आणि गाडीची किंमत, व्याज, विमा सगळे त्या हप्त्याच्या आड जाते. त्याला एवढेच सांग की कर्जाचे नंतर पाहू, आधी रोखीने गाडी घेतली तर एकूण किती ते लिहून द्या.

फायनान्सवाला बहुधा ‘फ्लॅट’ दर सांगतो आणि तो दर बँकेच्या दरापेक्षा कमी वाटतो. तूच हिशेब करून पाहा. ८ लाख रुपये, पाच वर्षे, ७ टक्के फ्लॅट, म्हणजे दर वर्षी ५६ हजार, पाच वर्षांचे २ लाख ८० हजार व्याज. एकूण १० लाख ८० हजार भागिले ६०, हप्ता १८ हजार. येथे मुद्दल दर महिन्याला फिटत जाते, तरी व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ८ लाखांवर आकारलेले असते. बँकेच्या घटत्या शिलकीच्या पद्धतीने मोजले, तर हाच १८ हजारांचा हप्ता जवळजवळ साडेबारा टक्क्यांचा पडतो. म्हणजे बँक तुला साडेदहा टक्क्यांनी कर्ज देत असेल, तर ऐकायला जास्त वाटणाऱ्या त्या दरात हप्ता १७,२०० रुपयांच्या आसपास येतो आणि पाच वर्षांत सुमारे ४८ हजार रुपये वाचतात. शोरूममध्ये तासभर भांडून मिळवलेल्या सुटीपेक्षा ही रक्कम किती मोठी आहे पाहा. हाच ७ टक्के फ्लॅट सात वर्षांना लावला तर हप्ता १४,२०० च्या खाली येतो आणि माणूस खूश होतो, पण व्याज ३ लाख ९२ हजारांवर गेलेले असते.

म्हणून डीलरकडे जाण्यापूर्वी तुझे चालू खाते जिथे आहे त्या बँकेत जा, मुद्रा योजनेत कर्ज बसते का ते विचार आणि मंजुरीचे पत्र खिशात ठेव. मग डीलरचा फायनान्सवाला खरोखर चांगला दर देत असेल, तर त्याच्याकडूनच घे. माझा त्याला विरोध नाही. कोणीही असो, सही करण्यापूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ माग. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नव्या किरकोळ आणि लघुउद्योगांच्या मुदत कर्जांना ते देणे बंधनकारक आहे. त्यात प्रक्रिया शुल्क वगैरे धरून खरा वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना त्या एका आकड्यावर कर, आणि मुदतीपूर्वी फेडल्यास काय दंड लागतो तेही त्यातच वाच.

आता गाडी पाडव्याला घरी यावी या काकूंच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, इच्छेविषयी. या वर्षी गुढीपाडवा १९ मार्चला आहे. मुहूर्त अवश्य धर, आईची इच्छा मोडू नये. पण सौदा मुहूर्ताच्या तोंडावर करू नकोस. पाडव्याच्या आदल्या आठवड्यात आलेले गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जाणार नाही, हे प्रत्येक शोरूमला ठाऊक असते. डीलरला कंपनीने महिन्याचे आणि तिमाहीचे विक्रीचे लक्ष्य दिलेले असते, म्हणून या किंवा पुढच्या महिन्याच्या अखेरीस जा आणि भाव तेव्हा ठरव. बुकिंगच्या कागदावर ‘डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू राहील’ असे बारीक अक्षरांत छापलेले असते. किंमत वाढली तरी ठरलेली रक्कमच घेतली जाईल, असे त्याच्याकडून लिहून घे. आणि नंबरप्लेट लागल्याशिवाय नवी गाडी ताब्यात देता येत नाही, तेव्हा पैसे, विमा आणि पासिंगची कागदपत्रे पाडव्याच्या निदान आठ-दहा दिवस आधी पूर्ण व्हायला हवीत.

जानेवारीत जाण्याचा आणखी एक फायदा आहे. २०२५ मध्ये बनलेल्या गाड्या आता यार्डात उभ्या असतात आणि डीलरला त्या लवकर काढायच्या असतात. अशी गाडी घ्यायला हरकत नाही, कारण माल वाहणाऱ्या गाडीचे आयुष्य किलोमीटरवर ठरते. पण विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाईल, म्हणून त्याची वेगळी सूट मिळालीच पाहिजे. चेसिस क्रमांकातील दहावे अक्षर बऱ्याच कंपन्यांत वर्षाचे असते, २०२५ साठी एस आणि २०२६ साठी टी. शिवाय फॉर्म २१ वर, म्हणजे डीलरने द्यायच्या विक्रीच्या दाखल्यावर, निर्मितीचा महिना आणि वर्ष लिहावेच लागते. मी यार्डात जाऊन गाडी पाहिली होती. बाहेरून धुऊन चकचकीत केली होती, पण हौद्याच्या कोपऱ्यात पावसाचे पाणी साचून लोखंडावर तांबूस कड उमटली होती आणि फाळक्याच्या बिजागरीला गंज धरला होता. ती गाडी न घेता मी त्याच किमतीत दुसरी मागितली, आणि मिळाली. पैसे भरण्याआधी तुझी गाडी दिवसाउजेडी पाहा आणि तिचाच चेसिस क्रमांक बिलावर येईल याची खात्री कर.

कोटेशन एकाच ठिकाणचे घेऊ नकोस. ठाणे, कल्याण, पनवेल या तिन्ही बाजूंना त्याच कंपनीचे वेगवेगळे डीलर आहेत आणि कर सगळीकडे तोच आहे, त्यामुळे फरक दिसेल तो डीलरच्या हातातला. दुसऱ्या कंपनीच्या तशाच गाडीचेही एक घे. मात्र दुसऱ्याचा भाव फुगवून किंवा घटवून सांगू नकोस. खरा कागद समोर ठेवला की जास्त बोलावेच लागत नाही. विक्री करणाऱ्या मुलाशी आदराने वाग. शेवटची सूट मॅनेजरच्या हातात असते, पण ती मागायला आत जातो तो हा मुलगा, आणि जो गिऱ्हाईक त्याला माणूस समजतो त्याच्यासाठी तो मनापासून भांडतो. रोख सूट संपली असे म्हणाले की ताडपत्री, हौद्याची रबर मॅट किंवा वाढीव वॉरंटी माग. अंडरबॉडी कोटिंग आणि पॉलिशची पॅकेजेस मात्र सरळ नाकार.

तू जीएसटी नोंदणीकृत आहेस, म्हणून बिल धंद्याच्या नावाने आणि जीएसटी क्रमांकासह घे. मालवाहू गाडीवर भरलेल्या जीएसटीचे क्रेडिट मिळू शकते, म्हणजे तो तुझ्या विक्रीवरच्या जीएसटीतून वजा करता येतो. ते घेतले तर तेवढ्या रकमेवर घसारा, म्हणजे गाडीच्या झिजेची आयकरातली वजावट, धरता येत नाही, तेव्हा सीएला विचारून काय फायद्याचे ते आधीच ठरव.

महिनाअखेरच्या शनिवारी मला बाजाराला सुटी घेता येईल. तू तोपर्यंत बँकेत जाऊन ये आणि निदान तीन कोटेशन्स गोळा कर. सकाळी ठाणे स्टेशनवर भेटू आणि तिथून बरोबर जाऊ. काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद सांग.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
दत्ता