मरियामातेच्या पायाखालचा साप

संपादक साहेब, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला मरियामातेवरचा लेख आमच्या घरात सगळ्यांनी वाचला, मराठी पेपरात हा विषय आला म्हणून आधी बरंच वाटलं. पण लेखक म्हणतात की तिच्या मूर्तीच्या पायाखाली जो साप असतो ती निव्वळ भाषांतराची चूक आणि त्या चुकीवर कॅथलिकांनी अख्खी भक्ती उभी केली. अर्धं बरोबर आहे हो त्यांचं.

बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्ती ३:१५ मध्ये, देव सापाला सांगतो की तुझ्यात आणि स्त्रीत, तुझ्या आणि तिच्या संततीत मी वैर लावीन, आणि तुझं डोकं चेचलं जाईल. पण चेचणार कोण? हिब्रूत सर्वनाम पुल्लिंगी आहे, म्हणजे तिचा वंश. जुन्या लॅटिन बायबलात मात्र 'इप्सा' आलं, म्हणजे ती स्वतः. हे लॅटिन भाषांतर करणाऱ्या संत जेरोमनं लिहिलं की पुढच्या नकला करणाऱ्यांनी घुसवलं यावर वाद आहे, पण १९७९ च्या नव्या लॅटिन आवृत्तीत खुद्द चर्चनंच ते बदललं, लपवलं काही नाही. गंमत म्हणजे आपल्या मराठीत संतती स्त्रीलिंगी, त्यामुळे 'ती डोकं फोडील' असं वाचलं तर ती कोण, बाई की संतती, हे व्याकरणावरून कळतच नाही! आमची आजी आयुष्यभर मरियाच समजत आली.

पण भक्ती त्या एका शब्दावर उभी नाही. सुरुवातीच्या काळातले बिशप संत इरेनियस यांनी इ.स. १८० च्या सुमारास, म्हणजे जेरोमच्या लॅटिनच्या दोनशे वर्षं आधी, लिहून ठेवलंय की पहिल्या स्त्रीनं, हव्वेनं, देवाची आज्ञा मोडून मारलेली गाठ मरियेनं आज्ञा पाळून सोडवली. सापाला चिरडतो तो येशूच, पण त्याला जन्म द्यायला तिनं हो म्हटलं, म्हणून ती त्या वचनात आहे, असं कॅथलिक वाचन आहे.

यशया ७:१४, म्हणजे मुलगी गरोदर राहून मुलाला जन्म देईल हे बायबलमधलं वचन, त्याबद्दल पण लेखात घोळ झालाय. हिब्रू 'अल्मा' म्हणजे तरुण मुलगी हे खरं, आणि ते आधी आहाज राजाला दिलेलं चिन्ह होतं हेही मान्य, पण ग्रीकमध्ये 'पार्थेनोस' म्हणजे कुमारी हा शब्द ख्रिस्ताच्या आधीच ज्यू भाषांतरकारांनी घातला, येशूच्या जन्माची हकीकत लिहिताना मत्तयनं तोच घेतला, मग आमच्यावर खापर कशाला?

आणि १८५४ साली पोप नवव्या पायसनी जाहीर केलेला निष्कलंक गर्भसंभव म्हणजे येशूचा कुमारीपोटी जन्म नव्हे, मरिया स्वतः तिच्या आईच्या पोटात आली तेव्हापासूनच आदिपापापासून (आदाम-हव्वेकडून सगळ्या माणसांना आलेलं पाप) मुक्त होती हा तो सिद्धांत. ही गल्लत पुष्कळ लोक करतात, लेखकांनीही केलीय.

फोटोखाली 'मेरी देवी' छापलंय तेवढं तरी पुढच्या अंकात दुरुस्त करा, आम्ही तिला आई म्हणतो, देवी नाही.

आपला,
एक वाचक, वसई