वायफाय आहे, मग नेट का नाही?

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवाच्या त्या फोनबद्दल तुम्ही सांगितलंत, ते तेव्हापासून मनात घोळतंय. "तो माणूस म्हणाला, तुमचा आयपी ॲड्रेस हॅक झाला आहे, आणि मग सर्व्हर, नेटवर्क असं काय काय बोलत होता. मला काही कळेना, म्हणून ऐकत राहिलो." शेवटी तुम्ही फोन ठेवलात आणि त्याला काहीही सांगितलं नाहीत, हे फार बरं केलंत. पण असल्या फसवणाऱ्या लोकांचा सगळा धंदा त्या 'काही कळेना'वरच चालतो. समोरचा आपल्याला न समजणारं बोलतोय, म्हणजे त्याला नक्कीच काहीतरी माहीत असणार, असं कुणालाही वाटतं. माझं रोजचं कामच नेटवर्कचं आहे, त्यामुळे हे मला जास्तच लागलं. हे दहा-बारा शब्द तुम्हा दोघांच्या ओळखीचे व्हायलाच हवेत. फोनवर बोलणं अर्धवट राहतं, म्हणून लिहिते आहे. एका बैठकीत वाचून संपवायची घाई नको.

राउटरपासून सुरुवात करते, म्हणजे भिंतीवरच्या त्या दिवे लुकलुकणाऱ्या डब्यापासून. आई, तू नेहमी विचारतेस, "वायफायच्या रेघा तर पूर्ण दिसतायत, मग नेट का नाही?" तुझ्या या प्रश्नात निम्मं नेटवर्किंग आलं. त्या रेघा एवढंच सांगतात की तुझ्या फोनपर्यंत राउटरचा सिग्नल किती जोरात पोचतोय. राउटरच्या पलीकडे काय चाललंय याचा त्यांना पत्ता नसतो. वायफाय ही घरातल्या घरातली बिनतारी जोडणी आहे. फोन, टीव्ही, लॅपटॉप आणि राउटर मिळून जे छोटं जाळं तयार होतं, त्याला लॅन म्हणतात. बाहेरची केबल तुटली तरी हे घरातलं जाळं ठणठणीत असतं, आणि म्हणून रेघाही पूर्ण दिसतात. इंटरनेट म्हणजे घरांची, कार्यालयांची, विद्यापीठांची, कंपन्यांची अशी असंख्य जाळी एकमेकांना जोडून झालेलं मोठं जाळं. आपलं जाळं आणि ते मोठं जाळं यांच्यामध्ये राउटर बसलेला असतो. इकडून आलेलं तिकडे आणि तिकडून आलेलं इकडे पाठवणं, हेच त्याचं काम.

फायबरची जोडणी असेल तर बाहेरून येणारी वायर आतून काचेची असते, केसाइतक्या बारीक काचेची, आणि तिच्यातून प्रकाश धावतो. त्या प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणाऱ्या उपकरणाला ओएनटी म्हणतात. फायबर नसेल तर त्या जागी मोडेम असतो. हल्ली बहुतेक घरांत ओएनटी, राउटर आणि वायफाय हे सगळं एकाच डब्यात असतं, त्यामुळे ही तीन वेगळी कामं आहेत हे लक्षातच येत नाही. त्या डब्यावर 'एलओएस' असं लिहिलेला एक दिवा असतो. तो लाल झाला, की बाहेरून प्रकाशच येत नाहीये असं समजायचं. मग डबा कितीही वेळा बंद-चालू केलात तरी उपयोग नाही. लाइन तुटलीय, नाहीतर कुठेतरी फार दुमडली गेलीय. काचेची तार तीव्र कोनात वाकली की प्रकाश बाजूने निसटतो, म्हणून ती पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कपाटामागे दाबू नका आणि तिची घट्ट गुंडाळी करून ठेवू नका. लाल दिवा दिसला तर तक्रार नोंदवताना सरळ सांगा, "एलओएस लाल आहे." पुढचे निम्मे प्रश्न वाचतील.

वायफायची दोन नावं दिसतात ना, एकापुढे ५जी असं असतं? त्या ५चा मोबाइलच्या फाइव्ह-जीशी काहीही संबंध नाही. ते ५ गिगाहर्ट्झ, आणि दुसरं २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे वायफायच्या रेडिओ लहरींची वारंवारता. पाचवालं वेगवान, पण भिंती ओलांडताना लवकर दमतं. २.४ हळू, पण लांबवर पोचतं. मायक्रोवेव्ह ओव्हनही साधारण याच २.४च्या आसपास चालतो, म्हणून तो सुरू असताना शेजारी बसून केलेला कॉल अडखळू शकतो. आतल्या खोलीत २.४ लावा, राउटरजवळ बसलात तर ५.

आता बाबांच्या त्या आयपी ॲड्रेसकडे येते.

नेटवर्कवरच्या प्रत्येक उपकरणाला एक क्रमांक लागतो, नाहीतर उत्तर कुणाकडे पाठवायचं ते कळणार कसं? तो क्रमांक म्हणजे आयपी ॲड्रेस. मधे टिंबं दिलेले चार आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला, उदाहरणार्थ १९२.१६८.१.५. अशा पद्धतीने एकूण सुमारे ४२९ कोटी पत्ते तयार होतात. ही पद्धत ठरली तेव्हा तेवढे पुरून उरतील असं वाटलं होतं. ३ फेब्रुवारी २०११ रोजी जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटून झाले. तरीही सगळं चालू राहिलं, याचं मोठं कारण नॅट नावाची युक्ती. बाबा, तुमच्या ऑफिसात बाहेरच्यांना माहीत असलेला नंबर एकच होता आणि आत प्रत्येक टेबलाला एक्स्टेन्शन होतं, तसंच हे. बाहेरच्या जगाला तुमच्या घराचा एकच पत्ता दिसतो, आणि आत राउटर प्रत्येक उपकरणाला आपला-आपला क्रमांक देतो. आतले क्रमांक १९२.१६८ ने सुरू होताना दिसतील. तेच क्रमांक दुसऱ्या कोट्यवधी घरांतही आहेत आणि त्यात काही बिघडत नाही, कारण ते घराबाहेर जातच नाहीत. हे क्रमांक आपोआप वाटण्याच्या व्यवस्थेला डीएचसीपी म्हणतात. नवा पाहुणा आला, वायफायचा पासवर्ड टाकला, की त्याच्या फोनला लगेच क्रमांक मिळतो तो याच्यामुळे. पत्त्यांची टंचाई कायमची मिटावी म्हणून आयपीव्ही६ ही बरीच लांब पत्त्यांची पद्धत आली आहे. तुमच्या फोनमध्ये ती बहुधा आधीच चालू असेल. तुम्हाला त्यासाठी काही करायचं नाही.

तर मग, "तुमचा आयपी ॲड्रेस हॅक झाला आहे" या वाक्याचा अर्थ काय? काहीच नाही. तुमचा बाहेरचा पत्ता तुम्ही उघडलेल्या प्रत्येक वेबसाइटला दिसतोच, कारण त्याशिवाय ती तुम्हाला पान पाठवणार कुठे? त्यावरून तुमची इंटरनेट कंपनी कोणती आणि तुम्ही साधारण कुठल्या भागात आहात, एवढा अंदाज येतो. पासवर्ड कळत नाही, बँकेचं खातं कळत नाही. शिवाय बऱ्याच ठिकाणी कंपनी एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत मिळून वापरते, आणि तो बदलतही असतो. कुणी असं म्हणालं, की पुढचं ऐकायचं नाही, फोन ठेवायचा. "लाइन दुरुस्त करतो, त्यासाठी हे ॲप टाका आणि स्क्रीन दाखवा" असं म्हणाला तरीही तेच. लाइन दुरुस्त करायला कुणालाही तुमच्या फोनची स्क्रीन बघावी लागत नाही. आणि ओटीपी तर कुणालाच सांगायचा नाही.

मॅक ॲड्रेस असाही एक शब्द कानावर येईल. तो उपकरणाला कारखान्यातच मिळालेला बारा अक्षर-अंकांचा क्रमांक, आणि तो घरातल्या जाळ्यापुरताच कामाचा. एवढं पुरे.

आई, व्हिडिओ कॉलवर माझा चेहरा अचानक चौकोन-चौकोन होतो आणि आवाज मात्र येत राहतो, तू घाबरतेस. त्यामागचं कारण मला फार आवडतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. नेटवर काहीही अखंड जात नाही. एखादा फोटो पाठवलास, तर त्याचे छोटे तुकडे होतात, त्यांना पॅकेट म्हणतात. एक पॅकेट साधारण १,५०० बाइटचं असतं. म्हणजे ३ एमबीच्या, सुमारे तीस लाख बाइटच्या, फोटोचे दोन हजारांच्या आसपास तुकडे झाले. प्रत्येक तुकड्यावर कुठून आला आणि कुठे जायचं ते लिहिलेलं असतं, आणि वाटेतला प्रत्येक राउटर तेवढंच वाचून त्याला पुढे ढकलतो. सगळे एकाच वाटेने जातील असंही नाही. ही कल्पना १९६०च्या दशकात अमेरिकेत पॉल बॅरन आणि ब्रिटनमध्ये डोनाल्ड डेव्हिस यांनी स्वतंत्रपणे मांडली. टेलिफोनसारखी दोघांच्या बोलण्यासाठी अख्खी लाइन अडवून ठेवायची नाही. एकाच तारेवरून हजारोंचे तुकडे एकमेकांत मिसळून जाऊ द्यायचे. मला तर ही त्या शतकातल्या सर्वांत सुंदर कल्पनांपैकी एक वाटते.

पण वाटेत तुकडे हरवतात. मग काय करायचं, याचे नियम आहेत. अशा नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. व्हिंट सर्फ आणि बॉब कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या रचनेतून टीसीपी हा नियम आला. तो प्रत्येक तुकड्याची पोच घेतो, हरवलेला पुन्हा मागवतो आणि सगळे क्रमाने लावतो. १ जानेवारी १९८३ला इंटरनेटचा पूर्वज असलेलं आर्पानेट हे जाळं टीसीपी-आयपीवर आलं आणि आजही आपण त्याच पायावर उभे आहोत. फोटोचा एक तुकडाही गहाळ होऊन चालत नाही, म्हणून तिथे टीसीपी. बोलण्याचं वेगळं आहे. माझा हरवलेला शब्द दोन सेकंदांनी पुन्हा आणून तुला ऐकवला तर बोलण्याचा चुथडाच होईल. म्हणून कॉलसाठी बहुतेक वेळा यूडीपी हा दुसरा नियम वापरतात. जे हरवलं ते हरवलं, पुढे चला. चित्राला तुकडे फार लागतात, आवाजाला थोडे, म्हणून आधी चेहरा फुटतो आणि आवाज तगून राहतो. तेव्हा तसं झालं की घाबरू नकोस, व्हिडिओ बंद कर आणि बोलत राहा.

यातच वेगाचं येतं. १०० एमबीपीएसची जोडणी म्हणजे सेकंदाला १०० मेगाबाइट नव्हेत, १०० मेगाबिट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून प्रत्यक्षात सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट. कंपनीने फसवलं असं बाबांना वाटतं ते यामुळे. आणि वेगापेक्षा वेगळी गोष्ट म्हणजे विलंब, लेटन्सी. काचेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. दहा हजार किलोमीटरवर जाऊन उत्तर घेऊन परत यायला, मधे एकही अडथळा नसला तरी, सेकंदाचा दहावा भाग लागतोच. कितीही महागडा प्लॅन घेतला तरी हा वेळ कमी होत नाही. आणि हो, परदेशातून येणारा डेटा बहुतांशी उपग्रहावरून येत नाही, समुद्राच्या तळाशी टाकलेल्या केबलमधून येतो.

शेवटचा शब्द डीएनएस, आणि तो नीट वाचा, कारण फसवणूक ओळखायला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच आहे. संगणकाला लागतो क्रमांक, माणसाच्या लक्षात राहतं नाव. पूर्वी जाळं लहान होतं तेव्हा कुठल्या नावाचा क्रमांक कोणता, याची एकच यादी होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळत असे आणि सगळे तिथून उतरवून घेत. जाळं वाढलं तसं ते अशक्य झालं. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी ती यादी जगभर वाटून ठेवण्याची रचना केली, तीच डीएनएस. प्रत्येक नावाचा मालक आपल्या नावाखालची यादी स्वतः सांभाळतो.

त्यामुळे नाव उजवीकडून डावीकडे वाचायचं असतं. समजा मेसेजमध्ये लिंक आली, 'माझीबँक.कॉम.खातेतपासणी.नेट/लॉगिन'. डोळा आधी 'माझीबँक.कॉम'वर जातो आणि आपण निश्चिंत होतो. पण (सुरुवातीला 'एचटीटीपीएस://' असेल तर त्यातल्या दोन रेघा सोडून) पहिल्या तिरक्या रेघेच्या अलीकडे या आणि तिथून मागे वाचा. शेवटी आहे 'खातेतपासणी.नेट'. मालक तोच. त्याच्या डावीकडे तो वाट्टेल ते लिहू शकतो, बँकेचं नावही. 'को.इन'सारखा शेवट असेल तर आणखी एक शब्द डावीकडे जायचं, बाकी रीत तीच. आणि पत्त्याशेजारी कुलूप दिसलं किंवा सुरुवातीला 'एचटीटीपीएस' असलं, की तुमच्यात आणि त्या साइटमध्ये जे चाललंय ते वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढंच. ती साइट प्रामाणिक आहे की नाही, हे कुलूप सांगत नाही. चोरालाही ते फुकट मिळतं.

नेट गेलं, तर आधी बघा की एकाच फोनवर गेलंय की सगळ्यांवर. एकावरच गेलं असेल तर त्या फोनचं वायफाय बंद करून पुन्हा लावा. सगळ्यांवर गेलं असेल तर दिवे बघा. एलओएस लाल नसेल तर राउटरचं बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, चालू करा आणि पाच मिनिटं द्या. मागे 'रीसेट' लिहिलेलं एक बारीक छिद्र आहे, त्यात टाचणी कधीही घालू नका. बाबा, हे खास तुम्हाला. त्याने राउटर नुसता बंद-चालू होत नाही, आतल्या सगळ्या नोंदी पुसल्या जातात आणि मग कुणीतरी घरी येऊन पुन्हा बसवेपर्यंत नेट बंद राहू शकतं.

आणखी एक काम. राउटरच्या पाठीमागे किंवा खाली एक स्टिकर असेल. त्यावर वायफायचं नाव, पासवर्ड आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरण्याचा वेगळा पासवर्ड असतो. तो दुसरा पासवर्ड मूळचाच राहिला असेल तर बदलायला हवा. रविवारी फोन करते, तेव्हा चष्मा आणि वही घेऊन राउटरजवळ बसा. स्टिकरवर काय आहे आणि कोणकोणते दिवे लागलेत ते सांगा, मग आपण मिळून बदलू.

तुमची,
लेक