भरतीच्या वेळी त्सुनामी आयलंड: मालवण किनाऱ्याच्या एकदिवसीय सहलीबाबत तक्रार

दिनांक: 9 जानेवारी 2026

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
सहल आयोजक कंपनी

विषय: रविवार, 4 जानेवारी 2026 रोजीच्या ‘मालवण–देवबाग–भोगवे’ मार्गदर्शकासह एकदिवसीय सहलीतील त्रुटी, 16,700 रुपयांचा परतावा आणि वेळापत्रकात बदल करण्याबाबत.

महोदय,
स.न.वि.वि.

वरील सहलीसाठी आम्ही 14 जणांनी माणशी 2,450 रुपयांप्रमाणे 34,300 रुपये आगाऊ भरले होते. आपल्या पत्रकात छापलेला कार्यक्रम असा होता: सकाळी साडेनऊ ते अकरा सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी बारा ते दोन त्सुनामी आयलंड, डॉल्फिनदर्शन आणि जलक्रीडा, दोनला जेवण, तीनला स्नॉर्केलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्याखालचे पाहणे) आणि संध्याकाळी भोगव्याला सूर्यास्त. यातली एकही गोष्ट छापल्याप्रमाणे झाली नाही. गर्दी, रविवार, नाताळच्या सुट्टीचा शेवट ही कारणे आपल्या प्रतिनिधीने फोनवर दिली. ती अंशतः खरी आहेत. पण मूळ कारण वेगळे आहे आणि ते आपल्याला नीट कळावे म्हणून हे पत्र थोडे सविस्तर लिहीत आहोत: आपले वेळापत्रक घड्याळ पाहून केलेले आहे, समुद्र पाहून नाही.

4 जानेवारीला पौष वद्य प्रतिपदा होती, म्हणजे पौर्णिमेनंतरचा दिवस, ऐन उधाणाचा, पाणी सगळ्यात जास्त चढण्या-उतरण्याचा. किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे. तिथीला पाऊणपट करायचे, जेवढा आकडा येईल तेवढ्या वाजता भरती. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. हा हिशेब मुंबईच्या बाजूला चपखल बसतो. मालवणला भरती साधारण तासभर आधी येते. त्यामुळे त्या दिवशी साडेअकरा ते बाराच्या दरम्यान पाणी पूर्ण चढलेले असणार, पहाटे साडेपाच-सहाला आणि संध्याकाळी तशाच सुमारास उतरलेले असणार, हे दिनदर्शिका हातात असलेल्या कुणालाही महिनाभर आधी सांगता आले असते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटे पुढे सरकते, म्हणून किनाऱ्यावरच्या सहलीला वर्षभर एकच वेळापत्रक चालत नाही.

त्सुनामी आयलंड हे बेट नाही. कर्ली नदी देवबागला समुद्राला मिळते तिथे साचलेला तो वाळूचा दांडा आहे. ओहोटीला तो उघडा पडतो, भरतीला पाण्याखाली जातो. आम्हाला तिथे नेले दुपारी एक वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे भरती भरून जेमतेम तास झाला होता. पाणी मोठ्या माणसांच्या गुडघ्यांच्या वर आणि लहान मुलांच्या कमरेला होते. बांबू रोवून उभ्या केलेल्या ताडपत्रीच्या स्टॉलमध्ये फळीपर्यंत पाणी चढले होते आणि स्टॉलवाला सामानाची खोकी फळीवर रचून बाजूला उभा होता. बोटवाल्याने पंधरा मिनिटांत सगळ्यांना परत चढवले. त्याचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. उधाणाची ओहोटी लागली की संगमावर नदीचे आणि समुद्राचे पाणी एकत्र बाहेर ओढ घेते, आणि तिथे मुलांना उभे ठेवणे धोक्याचेच आहे. चूक त्याला त्या वेळेला तिथे पाठवणाऱ्याची आहे. जलक्रीडेची कुपने तशीच आमच्या हातात राहिली. ती या पत्रासोबत परत पाठवत आहोत.

छापलेली वेळ खरी ठरते ती अष्टमीच्या आसपास. अष्टमीला भरती सकाळी पाच-सहाला आणि ओहोटी दुपारी अकरा-बाराला. भांगाची, म्हणजे उधाणाच्या उलट कमी चढ-उताराच्या दिवसांतली, ओहोटी असल्याने पाणी फार खोल उतरत नाही, पण निदान उतरलेले तरी असते. पत्रकावरच्या फोटोत दुपारच्या उन्हात कोरडी वाळू दिसते, तो अशाच एखाद्या दिवशी काढलेला असणार. पंधरवड्यातल्या तीन-चार दिवसांना लागू पडणारे वेळापत्रक आपण सगळ्या तारखांना विकत आहात, ही आमची मुख्य तक्रार आहे.

हीच गोष्ट स्नॉर्केलिंगची. देवबागहून मालवणला परत येऊन किल्ल्यालगतच्या खडकांवर आम्हाला पाण्यात उतरवले तेव्हा पावणेतीन वाजले होते. भरती-ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक. म्हणजे भरतीनंतरचा तिसरा आणि चौथा तास सगळ्यात जोराचा, आणि त्यातही उधाण. आम्हाला नेमके तेव्हाच उतरवले. गाळ आणि वाळू ढवळून पाणी दुधट झाले होते. हात लांब केला तर बोटे धूसर दिसत होती. त्यात दुपारी वायव्येचा खारा वारा सुटलेला, त्यामुळे नळीत सारखे पाणी जात होते. 11 जण उतरले, त्यातले सात जण दहा मिनिटांच्या आत वर आले. प्रवाळ कुणालाच दिसले नाही. तेच स्नॉर्केलिंग भरती भरण्याच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंत ठेवले असते, तर पाणी थांबलेले आणि समुद्राकडून आलेले स्वच्छ मिळाले असते. हे आपल्या बोटीवरच्या मुलाला माहीत होते. त्याने तसे सांगितलेही. त्याला विचारून वेळापत्रक केले असते तर हे पत्र लिहावे लागले नसते.

मास्कबद्दलही सांगणे भाग आहे. 11 पैकी चार मास्कची रबरी किनार कडक होऊन तडकलेली होती, म्हणून पाणी आत येत होते. मास्क बसतो की नाही हे पाहायला अर्धे मिनिट लागते: पट्टा न लावता मास्क चेहऱ्याला टेकवायचा, नाकाने श्वास आत ओढायचा, हात सोडायचा. मास्क चिकटून राहिला तर ठीक, पडला तर दुसरा द्यायचा. कपाळावरचे केस किनारीखाली आले की गळती होणारच, हेही उतरण्याआधी सांगावे लागते. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून शाम्पूचा एक थेंब फिरवून विसळतात. यातले काहीही झाले नाही. मास्क एका टोपलीतून वाटले गेले आणि ‘चला, उडी मारा’ एवढीच सूचना मिळाली.

आता जे सगळ्यात गंभीर आहे ते. देवबागच्या बोटीवर रंगवलेली प्रवासीसंख्या 16 होती. आम्हा 14 जणांत आणखी सहा जणांची भर घालून 20 जण बसवले. जॅकेटे 20 होती, पण त्यातल्या तीन जॅकेटांचे बक्कल तुटलेले आणि पट्टे गाठ मारून बांधलेले. आठ वर्षांच्या मुलीला मोठ्या माणसाचे जॅकेट घातले. ती बसली की जॅकेटचा गळा तिच्या हनुवटीच्या वर येत होता आणि तिला समोरचे दिसत नव्हते. असे जॅकेट पाण्यात तोंड वर ठेवत नाही, ते वर सरकते आणि मूल त्यातून खाली निसटते. घालून झाल्यावर दोन्ही खांदे धरून वर ओढून पाहायचे. ते कानांपर्यंत आले तर लहान माप हवे, आणि मुलांच्या जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवाच. आमच्यातल्या एकाने लहान जॅकेट मागितले तेव्हा ‘पाच मिनिटांचा तर प्रवास आहे’ असे उत्तर मिळाले. 24 मे 2022 रोजी तारकर्लीजवळ स्कूबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटली आणि दोन पर्यटक गेले. तेव्हाही किनारा दिसत होता. या किनाऱ्यावर धंदा करणाऱ्या कुणाच्याही तोंडी यापुढे असे उत्तर येता कामा नये.

डॉल्फिनचे ‘हमखास दर्शन’ आपण पत्रकात छापले आहे. हमखास हा शब्द काढून टाका. इथे किनाऱ्याजवळ दिसतात ते पाठीवर उंचवटा असलेले डॉल्फिन. सकाळी मतलई वारा असतो, पाणी तुपासारखे सपाट असते, तेव्हा त्यांची पाठ लांबूनही ओळखू येते. दुपारी लाटांना फेस धरला की ते असले तरी दिसत नाहीत. आमच्या फेरीत एकदा पाठ दिसली, आणि दिसताक्षणी बोटवाल्याने इंजिन वाढवून बोट थेट तिच्यावर घातली. असे केल्यावर प्राणी बुडी मारून जातोच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार डॉल्फिन संरक्षित आहेत. बोट लांब ठेवून इंजिन मंद करायचे आणि वाट पाहायची, हीच रीत आहे. किल्ल्याच्या परिसरात 1987 साली जाहीर झालेले मालवण सागरी अभयारण्य आहे, हे आपल्या मार्गदर्शकाने एकदाही सांगितले नाही. उलट फोटोत मासे यावेत म्हणून ब्रेडचे तुकडे पाण्यात टाकले आणि दोघांना खडकावर उभे राहायला सांगितले. त्या खडकांवर प्रवाळ आहे. माणसाच्या एका टाचेने मोडलेले प्रवाळ भरून यायला वर्षे लागतात.

किल्ल्याबद्दल थोडक्यात. धक्क्यावरची तिकिटे काढायला आपला माणूस पुढे गेला नव्हता, म्हणून आम्ही सव्वानऊपासून दहा-चाळीसपर्यंत रांगेत होतो. बोट किल्ल्यावर साधारण तासभर थांबते आणि त्याच बोटीने परतावे लागते. त्यात दीड तासाचा ‘मार्गदर्शकासह किल्ला’ बसणारच नव्हता. प्रत्यक्षात पन्नास मिनिटे मिळाली. तेवढ्यातही नेमके पाहता येते: बुरुजांच्या वळणात लपवलेला महादरवाजा, तिथेच वर चुन्यात जपलेले महाराजांच्या हाताचे आणि पायाचे ठसे, राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वर मंदिर आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. चहूबाजूंनी खारे पाणी असताना आत गोडे पाणी, किल्ल्यासाठी कुरटे बेट निवडण्याचे हेच मोठे कारण. मार्गदर्शक मात्र दरवाजातच थांबला आणि ‘किल्ला राज्याभिषेकानंतर बांधला’ असे सांगून मोकळा झाला. बांधकामाला 25 नोव्हेंबर 1664 रोजी सुरुवात झाली आणि 1667 मध्ये ते पूर्ण झाले. राज्याभिषेक 1674 चा. महाराष्ट्रातल्या मुलांसमोर अशी चूक व्हायला नको होती.

जेवणाबद्दल तक्रार नाही. तांदळाची भाकरी गरम होती, बांगडा ताजा होता, सोलकढी घट्ट होती, आणि खानावळीतल्या ताईंनी साडेचार वाजता पुन्हा चूल पेटवून वाढले. दोनच्या जेवणाला आम्ही साडेचारला पोहोचलो यात त्यांचा काय दोष? त्यांना त्या वेळचे जादा पैसे आपण द्यावेत, असे आम्हाला वाटते.

भोगव्याला पोहोचेपर्यंत पावणेसात झाले. त्या दिवशी सूर्यास्त सव्वासहाच्या सुमारास होता. देवबागवरून भोगवे समोर दिसते, पण मध्ये कर्लीची खाडी आहे. रस्त्याने नेरूरपारच्या पुलावरून वळसा घ्यावा लागतो आणि मालवणहून तास-सव्वातास सहज जातो. साडेचारला जेवायला बसवून सूर्यास्त मिळणार नाही, हे गाडीच्या चालकालाही माहीत होते.

त्याच दिवशी, त्याच ठिकाणी, त्याच पैशांत हे सगळे नीट होऊ शकले असते. सकाळी सातला देवबागच्या धक्क्यावरून बोट सोडायची: वारा पडलेला, पाणी सपाट, डॉल्फिन दिसायची खरी शक्यता आणि ओहोटी होऊन तास-दीड तासच झाल्याने साडेआठपर्यंत वाळूचा दांडा उघडा. साडेनऊला मालवण, तिकिटे आधीच काढलेली. पावणेदहा ते पावणेअकरा किल्ला. सव्वाअकरा ते सव्वाबारा किल्ल्यालगत स्नॉर्केलिंग, भरती भरलेली. एकला जेवण. तीनला निघून सव्वाचारपर्यंत भोगवे, म्हणजे सूर्यास्ताआधी दोन तास हातात. अष्टमीच्या आठवड्यात हाच क्रम फिरवायचा. एवढे काम दर महिन्याला भरती-ओहोटीचा तक्ता घेऊन एका माणसाला दोन तासांत करता येते.

आमच्या मागण्या अशा. न झालेल्या त्सुनामी आयलंड व जलक्रीडेचे, आपल्याच दरपत्रकाप्रमाणे माणशी 800 रुपयांनी 14 जणांचे 11,200 आणि स्नॉर्केलिंगचे माणशी 500 रुपयांनी 11 जणांचे 5,500, असे एकूण 16,700 रुपये परत करावेत. यापुढे प्रत्येक तारखेचे वेळापत्रक त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळांसह नोंदणीपूर्वी द्यावे. रंगवलेल्या संख्येपेक्षा एकही माणूस जास्त बसवणाऱ्या आणि मुलांच्या मापाची जॅकेटे नसणाऱ्या बोटीशी व्यवहार बंद करावा आणि तसे लेखी कळवावे. बोटीतल्या जादा प्रवाशांबाबत फोटोसह स्वतंत्र पत्र आम्ही महाराष्ट्र सागरी मंडळाच्या मालवण येथील बंदर कार्यालयाकडे पाठवत आहोत, कारण तो विषय परताव्याने मिटणारा नाही.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत लेखी उत्तर द्यावे. ते न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सेवेतील त्रुटी आणि अनुचित व्यापारी प्रथा या दोन्ही मुद्द्यांवर आमच्या राहत्या जिल्ह्यातील ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे अर्ज करू. सोबत पावती, पत्रकाची प्रत, न वापरलेली 14 कुपने आणि वेळ नोंदलेले नऊ फोटो जोडले आहेत. त्यातला सहावा फोटो त्या मुलीच्या जॅकेटचा आहे. तो आधी पाहावा.

कळावे,
14 सहप्रवाशांच्या वतीने