ईमच्या घरांवरील नावे आणि पुण्याचा प्लेग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत गेल्या महिन्यात आलेला इंग्लंडमधील डर्बीशायर या काउंटीविषयीचा प्रवासलेख मी दोनदा वाचला. (तेथील लोक त्याचा उच्चार ‘डार्बीशर’ असा करतात.) चॅट्सवर्थचा प्रासाद, त्यातील चित्रे, जोसेफ पॅक्स्टनने उभारलेले कारंजे यांचे वर्णन लेखिकेने मन लावून केले आहे. तरीही सारी काउंटी त्या एका प्रासादाच्या कुंपणात आटोपली, याचे वाईट वाटले. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. पुणे जिल्ह्यावर लिहायला बसलेल्या माणसाने शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाबाहेर पाऊलच टाकू नये, तसे काहीसे हे झाले. माझी मुलगी आणि जावई नोकरीनिमित्त डार्बी शहरात राहतात. गेल्या वर्षी ऑगस्ट आणि सप्टेंबर असे दोन महिने मी त्यांच्याकडे होते आणि तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवल्याची सवय म्हणून मिळेल त्या बसने आसपासची गावे पाहत हिंडले. त्यांपैकी एका गावाबद्दल सविस्तर लिहिण्याची परवानगी घेते, कारण त्याचा आपल्या पुण्याशी जवळचा संबंध आहे असे मला वाटते.

त्या गावाचे नाव ईम. इंग्रजी अक्षरांवरून ते कोणी ‘एयाम’ वाचील, पण गावकरी ईम म्हणतात. १६६५ साली लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले होते. त्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या अखेरीस या गावातील एका शिंप्याकडे लंडनहून कापडाचा गठ्ठा आला. कापड दमट होते, म्हणून ते विस्तवापुढे वाळत घातले आणि त्यातल्या पिसवांबरोबर रोग गावात शिरला, अशी परंपरेने चालत आलेली हकिकत आहे. त्या घरात कामाला असलेला जॉर्ज विकर्स सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेला आणि मग घराघरांतून माणसे जाऊ लागली. थंडीत साथ मंदावली, पण १६६६ च्या उन्हाळ्यात ती दुपटीने उसळली. तेव्हा गावचा तरुण धर्मगुरू विल्यम माँपेसन आणि धार्मिक मतभेदांमुळे पदावरून दूर केला गेलेला त्याच्या आधीचा धर्मगुरू टॉमस स्टॅनली, हे परस्परांच्या विरोधी पंथांतले दोघे एकत्र आले. गावाची शीव कोणीही ओलांडायची नाही, म्हणजे रोग आसपासच्या गावांत जाणार नाही, असे त्यांनी गावकऱ्यांकडून मान्य करून घेतले. प्रार्थना चर्चमधून हलवून ककलेट डेल्फ नावाच्या एका घळीत उघड्यावर होऊ लागली आणि ज्याचे माणूस जाईल त्यानेच आपल्या वाडीत किंवा शेतात त्याला पुरायचे असे ठरले. बाहेरच्या गावांतील लोक शिवेवर धान्य आणून ठेवीत. त्याचे पैसे ईमचे लोक एका दगडाला पाडलेल्या खळग्यांमध्ये, व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवीत. तो दगड आजही तेथे आहे. मी त्या खळग्यांत बोट घालून पाहिले. चॅट्सवर्थचाच उल्लेख करायचा तर या ठिकाणी करायला हवा होता, कारण त्या महिन्यांत गावाला रसद पुरवणाऱ्यांत तेथील अर्ल ऑफ डेव्हनशर होता.

चर्चच्या नोंदवहीप्रमाणे चौदा महिन्यांत सुमारे २६० माणसे गेली. गावची तेव्हाची लोकसंख्या किती होती यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. कोणी ती साडेतीनशेच्या आसपास मानतात, तर कोणी त्याच्या जवळजवळ दुप्पट. माँपेसनची पत्नी कॅथरीन ऑगस्ट १६६६ मध्ये गेली, तिची समाधी चर्चच्या आवारात आहे. गावाबाहेरच्या उतारावर एका गोल दगडी कुंपणात हँकॉक कुटुंबाची थडगी आहेत. एलिझाबेथ हँकॉक या बाईने आठ दिवसांत आपला नवरा आणि सहा मुले यांना स्वतःच्या हातांनी तेथे पुरले. शेवटचा मृत्यू नोव्हेंबर १६६६ मध्ये झाला.

मला विशेष वाटले ते पुढचेच. ज्या घरांत ही माणसे गेली त्या घरांवर आज हिरवे फलक आहेत आणि त्यांवर त्या घरातील मृतांची नावे आहेत. त्यांत सरदार नाहीत, कवी नाहीत. शिंपी, शेतकरी, शिशाच्या खाणीत राबणारे, त्यांच्या बायका आणि पोरे आहेत. त्याच घरांत आज लोक राहतात, दारात दुधाच्या बाटल्या असतात, खिडकीत मांजर बसलेले असते. दर वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी गावकरी त्याच ककलेट डेल्फमध्ये जमतात. त्या दिवशी मीही तेथे गवतावर बसले होते.

आणि बसल्या बसल्या मला आमच्या आजेसासूबाई आठवल्या. पुण्यात प्लेग आला तेव्हा, म्हणजे १८९७ साली, त्या सहा वर्षांच्या होत्या. घरात मेलेला उंदीर दिसला की चूल विझवून घराला कुलूप घालायचे आणि गावाबाहेर माळावर झोपडीत राहायला जायचे, हे त्या सांगत. झोपडीत त्यांचा धाकटा भाऊ गेला, हेही सांगत. त्याचे नाव काय होते हे मी कधी विचारले नाही आणि आता सांगणारे कोणी उरलेले नाही.

१८९७ म्हटले की आपल्याला रँड आठवतो, २२ जूनची ती रात्र, गणेशखिंडीचा रस्ता आणि चापेकर बंधू आठवतात. सावित्रीबाई आठवतात, ज्या हडपसरजवळ प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला स्वतः त्याच रोगाने गेल्या. ही आठवण ठेवायलाच हवी. पण ज्यांची सेवा त्यांनी केली ती माणसे कोण होती? कसबा, रास्ता, भवानी, गंज या पेठांतील कोणत्या वाड्यांतून किती माणसे गेली, माळावरच्या झोपड्या नेमक्या कोठे होत्या, हे आज त्या पेठेत राहणाऱ्याला ठाऊक नाही. शहरात काही थोर व्यक्तींच्या घरांवर निळे फलक लागले आहेत, ते मी थांबून वाचते. साध्या माणसांच्या नावाचा एकही फलक माझ्या पाहण्यात नाही.

डर्बीशायरमधील दुसरे एक ठिकाण याच संदर्भात सांगते. लेडीबोअर हे धरण १९३५ ते १९४३ या काळात बांधले गेले आणि डरवेंट व ॲशोप्टन ही दोन गावे त्याच्या पाण्याखाली गेली. पाणी डार्बी, शेफील्ड, नॉटिंगहॅम, लेस्टर या शहरांसाठी हवे होते. डरवेंटच्या थडग्यांतील अस्थी काढून बॅमफर्ड गावी पुन्हा पुरल्या. गावचा जुना दगडी पूल दगडांवर क्रमांक घालून उतरवून ठेवला आणि पुढे नदीच्या वरच्या अंगाला पुन्हा उभा केला. चर्चचा मनोरा काही वर्षे पाण्यातून डोके वर काढून होता, तो १९४७ साली सुरुंग लावून पाडला. फार कोरड्या वर्षी गावातल्या वाड्याचे अवशेष उघडे पडतात आणि लोक ते पाहायला जातात. आपल्याकडे मुळशीचे धरण त्याच्या आधीचे. तेथे १९२१ पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह चालवला, तो पाठ्यपुस्तकात आहे. पण बुडालेल्या गावांची नावे मी वर्गात कधी मुलांना सांगू शकले नाही.

विहिरींची गोष्टही सांगितली पाहिजे. टिसिंग्टन, ईम आणि इतर अनेक गावांत वर्षातून एकदा विहिरी आणि झरे सजवण्याची चाल आहे. लाकडी चौकटीत ओली माती थापून तिच्यात फुलांच्या पाकळ्या, शेवाळ, बिया एकेक करून दाबून बसवतात आणि त्यांतून चित्र साकारते. आपल्या रांगोळीच्या कोणाही जाणकार बाईला ते काम पाहून हात शिवशिवतील. ज्या पाण्यावर गाव जगले त्याचे ऋण मानण्याची ही रीत आहे. पुण्यात नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तलावातून नळ आणून पेठांतले हौद भरले. फडके हौद, काळा हौद, बदामी हौद ही नावे आज रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत. त्या चौकात उभे राहून मुलाने ‘हौद कोठे आहे?’ असे विचारले तर दाखवायला तेथे एक पाटीही नसावी, ही गोष्ट मला फार लागते.

पुण्यात अभ्यास झाला नाही असे माझे मुळीच म्हणणे नाही. डर्बीशायरची पुरातत्त्व संस्था १८७८ ची आहे, तर आपले भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० चे, आणि मंडळात जमवलेल्या कागदांपुढे तेथील कित्येक संस्था थिट्या पडतील. पुण्याचे सरकारी गॅझेटिअर १८८५ मध्ये तीन भागांत निघाले आणि त्यात पेठवार माहिती आहे. उणीव एवढीच की हे सारे दप्तरात आणि ग्रंथालयात राहिले, ज्या दारापुढे घडले त्या दारापर्यंत आले नाही.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे. आपल्या पत्रात आठवड्यातून एकदा अर्धा स्तंभ एकेका पेठेसाठी राखून ठेवावा आणि वाचकांकडून तीनच गोष्टी मागवाव्यात. घरात प्लेगची सांगितलेली आठवण आणि गेलेल्यांची नावे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला फुटले तेव्हा पाणी घरात कोठपर्यंत आले होते ती खूण. आणि जवळचा हौद किंवा आड कोणता व आज त्या जागी काय आहे. मजकूर छापण्याआधी तो तपासण्याचे काम माझ्यासारखे निवृत्त शिक्षक विनामूल्य करतील. आमच्या ओळखीतील चौघांनी तशी तयारी दाखवली आहे. पानशेत पाहिलेली माणसे आज सत्तरीच्या पुढे आहेत. सुरुवात नारायण पेठेपासून करावी, कारण तेथे पुराची खूण असलेल्या दोन भिंती या पावसाळ्यानंतर पाडल्या जाणार असल्याचे मी ऐकते.

कळावे,
आपली,
एक निवृत्त इतिहास शिक्षिका
शनिवार पेठ, पुणे