कोळंबीची भिस्त एकाच बाजारावर

महोदय,

भारताच्या मत्स्य निर्यातीच्या मूल्यात गोठवलेल्या कोळंबीचा वाटा सुमारे दोन तृतीयांश असून तिचा सर्वांत मोठा ग्राहक अमेरिका आहे; त्यामुळे ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील आयातशुल्क ५० टक्क्यांवर जाताच आंध्र प्रदेशातील कोळंबी उत्पादकांना, कमी शुल्क भरणाऱ्या इक्वेडोरपुढे टिकणे अवघड झाले. चीन, जपान, युरोप हे पर्याय सुचवले जातात, परंतु युरोपीय संघ २०१६ पासून भारतातील संवर्धित (तळ्यात वाढवलेल्या) कोळंबीच्या निम्म्या खेपा प्रतिजैविकांच्या अंशांसाठी तपासतो, याची चर्चा (सोयीस्करपणे?) टाळली जाते. निर्यातदारांना व्याज सवलत देण्याआधी तळ्यावरच प्रतिजैविकांची चाचणी करणाऱ्या प्रयोगशाळा वाढवाव्यात.

– एक वाचक, रत्नागिरी