मिठाच्या साबणाविषयी, अमळनेरहून

अमळनेर, जि. जळगाव
माघ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू "मिठाचा साबण म्हणजे नेमकं काय रे?" असं विचारलंस आणि तेवढ्यात तुझी गाडी आली. दोन मिनिटांत सांगण्यासारखं ते नव्हतंच, म्हणून बसून लिहितोय. दोन वड्या कुरियरने वेगळ्या पाठवल्या आहेत. त्या हातात पडतील तेव्हा हे पत्र वाचलेलं असू दे.

साबण म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोडा, बाकी सगळी सजावट. दोघांची क्रिया पूर्ण झाली की सोडा शिल्लक राहत नाही, साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. मिठाच्या साबणात वरून तेलाच्या निम्म्या वजनाइतकं मीठ घालतात. काही जण तर तेलाच्या बरोबरीने घालतात. वाचलं तेव्हा मला ते खरंच वाटेना, कारण मीठ हा साबणाचा वैरी. कारखान्यात साबण शिजला की मुद्दाम मिठाचं पाणी ओततात. साबण सुटून वर येतो आणि ग्लिसरीन खालच्या पाण्यात राहतं. शेंगदाण्याच्या किंवा सरकीच्या तेलाचा साबण मिठापुढे टिकत नाही, फेसच धरत नाही. टिकतो तो खोबरेलाचा. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं, त्याची साखळी आखूड, त्यामुळे त्याचा साबण खाऱ्या पाण्यातही विरघळतो. जुन्या काळी खलाशी समुद्राच्या पाण्याने अंघोळ करायला हाच साबण वापरायचे.

आता तूच बघ, नारळ तुमच्या कोकणातला, मीठही तुमच्याकडचं. आपल्या खानदेशात कापूस, केळी, भुईमूग सगळं आहे, पण समुद्र नाही आणि नारळ येतो तो देवापुढे फोडायला. तरी साबण गावाला नवा नाही. 1945 साली इथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स सुरू झाली, वनस्पती तूप करायची आणि 787 नावाचा धुण्याचा साबणही. तीच आजची विप्रो. कॉम्प्युटरचं नाव निघालं की लोक बेंगळुरू म्हणतात, मला मात्र आधी आपलं गाव आठवतं.

मी हा उद्योग मनावर घेतला तो पाण्यामुळे. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार एवढे की बादलीच्या आत पांढरा थर धरतो आणि गिझरची कॉइल वर्षाला बदलावी लागते. अशा पाण्यात साबणातला बराचसा भाग कॅल्शियम-मॅग्नेशियमबरोबर चोथा होऊन जातो, अंग धुतल्यावरही चिकट लागतं. जड पाण्यातही खोबरेलाचा साबण इतरांपेक्षा बरा फेस देतो. म्हटलं, करूनच बघू.

आणि खरं सांगायचं तर मला सगळ्यात आवडलं ते तोलणं. आपल्या घरात सगळं अंदाजाने चालतं. माय कळण्याचं पीठ मळताना पाणी मोजत नाही, शेवभाजीचा मसाला मुठीने पडतो, आणि तरी चव कधी हुकत नाही. साबणाला ते चालत नाही. प्रत्येक तेलाला किती सोडा लागतो हे ठरलेलं आहे. खोबरेलाला ग्रॅममागे 0.183 ग्रॅम. म्हणजे 500 ग्रॅम खोबरेलाला साडेएक्याण्णव ग्रॅम सोडा. एवढा सगळा घातला तर नुसत्या खोबरेलाचा साबण कातडी ओढून कोरडी करतो, म्हणून या साबणात सोडा पाचवा हिस्सा कमी घेतात. तेवढं तेल साबण न होता तसंच राहतं आणि अंगाला लागतं. म्हणून मी 73 ग्रॅम घेतला, पाणी 160 ग्रॅम, मीठ 250 ग्रॅम. पाणीसुद्धा मापाने नाही, वजनाने. लिंबू-मिरची तोलतात तो काटा इथे कामाचा नाही, एक-एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा हवा.

सोडा जळगावहून आणला, प्रयोगशाळेचं सामान मिळतं तिथून. नाली साफ करायची पावडर वापरू नकोस, तिच्यात काय-काय मिसळलेलं असतं. पाणी बोअरचं नाही, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड घेतलं. भांडी फक्त स्टीलची. जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं भगोनं चुकूनही नको, कॉस्टिक त्याला खातो आणि त्यातून पेट घेणारा वायू निघतो. हातात रबरी ग्लोव्ह्ज, डोळ्यांवर चष्मा, पोरं घरात. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही, नाहीतर ते उसळून अंगावर येतं. अंगावर थेंब उडालाच तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं, वीस मिनिटं तरी. व्हिनेगर वगैरे लावत बसायचं नाही. सगळं मी अंगणात केलं. दाणे पाण्यात पडले तसं गार पाणी बघता बघता एवढं तापलं की पातेल्याला हात लावता येईना, वर तिखट वाफ. माय ओट्यावरून म्हणाली, "हाई काय करी ऱ्हायना रे?" साबण म्हटल्यावर तिने खुर्ची मागे सरकवली, पण उठली नाही. शेवटपर्यंत बघत बसली.

मार्गशीर्षातली थंडी होती, बरणीतलं खोबरेल पांढरं दगडासारखं थिजलेलं. ते 24-25 अंशांच्या खाली थिजतंच. सुरीने काढून मंद आचेवर वितळवलं. सोड्याचं पाणी आणि तेल दोन्ही कोमट झाल्यावर एकत्र केलं आणि हॅन्ड ब्लेंडर थांबत-थांबत फिरवला. आधी तेल-पाणी वेगळं दिसतं, मग रंग दुधाळ होतो, मग ब्लेंडर उचलून वरून धार सोडली की तिची रेघ पृष्ठभागावर तशीच उमटून राहते. रेघ जेमतेम उमटायला लागली की मीठ घालायची वेळ. थांबलं तर मिश्रण घट्ट होतं आणि मीठ सगळीकडे सारखं बसत नाही. एवढ्याशा पाण्यात 250 ग्रॅम मीठ विरघळणं शक्यच नाही, ते कणाकणाने वडीत राहतं. म्हणून बारीक मीठच घ्यायचं. खड्याच्या मिठाने अंगावर ओरखडे उठतात.

बटर पेपर लावलेल्या डब्यात ओतलं आणि तिथून हलायचं नाही असं ठरवलं. साधा साबण दुसऱ्या दिवशी कापतात. हा नाही. खोबरेल आणि मीठ मिळून तो काही तासांत एवढा कडक होतो की उशीर झाला तर सुरी लावताच तुकडे उडतात. मी दर थोड्या वेळाने बोटाने दाबून बघत होतो. दुपारी डब्याच्या कडेने साबण सुटायला लागला, अजून गरम होता, बोट दाबलं तर खूण उमटत नव्हती. तेव्हा कापला. सुरी खाली जाताना आतून मिठाची बारीक करकर येते, ती ऐकायला मला फार बरं वाटलं. कापलेली बाजू संगमरवरासारखी, पांढरी आणि गुळगुळीत. वास म्हणशील तर जवळजवळ नाहीच. सुगंध मी घातला नव्हता, मला साबण साबणासारखाच बघायचा होता.

मग वड्या माळ्यावर, वर्तमानपत्रावर, एकमेकींना न चिकटू देता. पाणी उडायला आणि साबण सौम्य व्हायला चार-सहा आठवडे लागतात, मिठाचा तर जितका जास्त ठेवाल तितका चांगला होतो. रोज जाऊन उलटून बघायचो, त्याची गरज नव्हती, पण राहवत नव्हतं. आपली कोरडी हवा याला मानवली. मीठ आणि ग्लिसरीन दोन्ही हवेतलं पाणी ओढतात, दमट जागी वडीवर घाम आल्यासारखे थेंब धरतात. तुझ्याकडे पोहोचल्यावर ती झाकणाच्या डब्यात ठेव, वापरताना जाळीच्या साबणदाणीत.

पहिल्यांदा लावशील तेव्हा फेस यायला वेळ लागेल. दोन-तीन अंघोळींनंतर वरचा थर जातो, मग दाट, मलईसारखा फेस येतो, मोठे फुगे येत नाहीत. वडी झिजते पण गळत नाही, शेवटपर्यंत कडक राहते. दाढी केल्या-केल्या लावू नकोस, कुठे कापलं असेल तर चुरचुरतं. आमच्या घरात मत विभागलं आहे. हिला केसांवरून पाणी घेतल्यावर तो केसांना लागलेला आवडत नाही, आणि तिचं बरोबर आहे, साबण केसांसाठी नाहीच. मायने हात धुतले, वास घेतला, म्हणाली, "फेस चांगला शे, पन वास नही." दुसऱ्या दिवसापासून तिच्या मोरीत तीच वडी आहे.

आता मुद्द्याचं. वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला येतोस ना? एकादशीच्या रथाला तू कितीतरी वर्षांत आला नाहीस. या खेपेला दोन दिवस जास्त काढून ये, आपण मिळून साबणाचा एक घाणा टाकू. येताना वेंगुर्ल्याहून घाण्याचं खोबरेल आण, किलोभर, नीट गाळलेलं, त्यात वासाचं काही नसलेलं. आणि शिरोड्याच्या मिठागराचं मीठ मिळालं तर तेही. 1930 मध्ये ज्या मिठासाठी तिथे लोकांनी मार खाल्ला, ते मीठ मला हातात घ्यायचं आहे. ते ओलसर असलं तरी हरकत नाही, आपल्या गच्चीवर वैशाखाचं ऊन आहे, वाळवून मिक्सरमधून बारीक करू. काम पहाटेच करावं लागेल, नऊनंतर अंगणात उभं राहवत नाही. वड्या माझ्याकडेच वाळू दे, तुमच्याकडे पावसाळा येण्याआधी डब्यात भरून पाठवतो.

तारीख नक्की झाली की कळव, म्हणजे जळगावहून सोडा आणून ठेवतो. वहिनींना नमस्कार सांग, पोरांना खूप खूप आशीर्वाद. माय तुझी आठवण काढते.

तुझाच,
मित्र