प्रगतिपुस्तकातली एक ओळ

करी रोड, मुंबई
२ मे

प्रिय बयो,

काल निकाल लागला आणि शाळेला सुट्टी पडली. सकाळी ध्वजवंदन, मग वर्गात निकालवाटप, मग दुपारी तीनपर्यंत कपाट आवरणं. घरी आले, आंघोळ केली आणि जी झोपले ती आज सकाळीच उठले. आता चहाचा कप शेजारी ठेवून तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसले आहे. फोनवर आपण बोलतोच, पण डी.एड. झाल्यापासून मे महिन्यातलं एक पत्र आपण कधी चुकवलं नाही. यंदाही चुकवायचं नाही.

तू विचारलं होतंस, दोन शिक्षकी शाळेत चार इयत्ता एकत्र सांभाळताना प्रगतिपुस्तकातल्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या कधी, आणि मी त्या कशा लिहिते. थोडं सविस्तरच सांगते, कारण माझं अख्खं वर्ष त्या नोंदींभोवती गेलं.

तिसरी-चौथीला आकारिक, म्हणजे वर्षभरच्या मूल्यमापनाला ६० टक्के आणि संकलित, म्हणजे सत्राच्या परीक्षेला ४०, हे तुला माहीत आहेच. म्हणजे पेपरापेक्षा जास्त वजन आपण वर्षभर मुलाकडे कसं बघितलं त्याला आहे. तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, स्वाध्याय, सगळं त्यात आलं. आणि शेवटी 'विशेष प्रगती', 'आवड, छंद' आणि 'सुधारणा आवश्यक' या रकान्यांत आपण काय भरतो? व्हॉट्सअॅपवर तयार नोंदींच्या पीडीएफ फिरतात. 'उपक्रमात आनंदाने सहभागी होतो.' 'वाचनाची आवड आहे.' 'हस्ताक्षर सुधारणे आवश्यक.' मीही कित्येक वर्षं त्यातूनच उतरवल्या. मतदारयादीचं काम, ऑनलाइन माहिती भरणं, हे सगळं डोक्यावर असताना हाताशी असेल ते आपण लिहून मोकळे होतो.

दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या सत्राची प्रगतिपुस्तकं दाखवली तेव्हा एक आई वर्ग रिकामा होईपर्यंत मागे थांबली. घरकाम करते, सहा घरची कामं आहेत तिच्याकडे. दोन पुस्तकं माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "बाई, हे माझ्या मुलीचंच आहे ना? शेजारच्या पोराच्या पुस्तकातपण हेच लिवलंय. अदलाबदल झाली वाटतं." तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती गं. तिला खरंच वाटलं की पुस्तकं बदलली. ती ते वाचते, शब्दन् शब्द वाचते, हे मला त्या दिवशी कळलं. श्रेणीचं तिला फार नव्हतं. अ-२ म्हणजे काय, ब-१ म्हणजे काय, हे तिने मुलीलाच विचारून घेतलं होतं. बाईंनी माझ्या मुलीबद्दल स्वतःच्या हाताने काय लिहिलंय, ते तिला हवं होतं. मला फार लाज वाटली.

दिवाळीनंतर शाळा उघडली त्या दिवशी मी दोनशे पानी वही घेतली. माझ्या चौथीच्या वर्गात तेवीस मुलं. प्रत्येकाला पाच पानं. रोज फक्त दोन मुलांकडे लक्ष द्यायचं, म्हणजे शिकवायचं सगळ्यांनाच, पण नजर त्या दोघांवर. शाळा सुटल्यावर प्रत्येकाबद्दल एकच ओळ लिहायची, आणि ती अशी, की दुसऱ्या कुठल्याही मुलाच्या पानावर ती चालणार नाही. दहा मिनिटं लागतात. बारा दिवसांत सगळा वर्ग एकदा फिरून होतो. तुझ्याकडे चारही इयत्ता मिळून सतरा मुलं ना? मग तुझं चक्र नऊ दिवसांतच पुरं होईल. पहिला महिना मला काही सुचतच नव्हतं. 'शांत असतो' लिहायचे आणि खोडायचे. मग हळूहळू दिसायला लागलं. एक मुलगी आहे, हजेरी घेताना गैरहजर मुलाचं नाव आलं की त्याच्या घरी काय झालंय ते ती सांगते, आणि दुसऱ्या दिवशी तो आला की आदल्या दिवसाचा अभ्यास त्याला स्वतःहून दाखवते. एक मुलगा बेरीज वहीत चुकतो, पण वडिलांच्या भाजीच्या गाडीवर दोनशेच्या नोटेतून किती परत द्यायचे ते त्याला विचार, अर्ध्या क्षणात सांगतो. चार वर्षं जे माझ्यासमोर बसून होतं, ते मला आत्ता दिसलं.

आता एकाच मुलाबद्दल लिहिते.

तो बीडीडीतला. आमच्या ना. म. जोशी मार्गावर बीडीडीच्या ३२ चाळी. १९२० च्या दशकातल्या, खोली १६० चौरस फुटांची. पुनर्विकास सुरू झाला आणि कुटुंबं भाडं घेऊन पांगली. कोणी दिव्याला, कोणी नालासोपाऱ्याला, कोणी कळव्याला. चार वर्षांपूर्वी पहिलीला मी ही तुकडी घेतली तेव्हा एकतीस मुलं होती. डिलाइल पूल २०१८ ते २०२३ इतकी वर्षं रखडला, तेव्हासुद्धा आयांनी वळसे घालून पोरं शाळेत आणली. पूल झाला, तर आता माणसंच लांब गेली. वाईट वाटतं, पण त्यांना मोठी घरं मिळणार आहेत, आणि ती मिळायलाच हवीत. सहा माणसांनी १६० फुटांत किती पिढ्या काढायच्या?

तर हा मुलगा कळव्याला गेला, पण वडिलांनी दाखला काढला नाही. आमची दुपारची शाळा. आजोबा त्याला रोज स्लो लोकलने करी रोडला घेऊन यायचे, शाळा सुटेपर्यंत फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसायचे, आणि घेऊन जायचे. आजोबा गिरणीतले, साचाखात्यात, म्हणजे कापड विणायच्या मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा तिशीतले होते. गिरणी पुन्हा लागली नाही. नंतर वॉचमनकी केली.

नोव्हेंबरमध्ये मी त्यांना म्हटलं, "आजोबा, बाहेर कशाला बसता? शनिवारी वर्गात या, मुलांना काहीतरी दाखवा." आनंददायी शनिवार आता सुरू झालाय ना, त्याला दर आठवड्याला नवीन काय करायचं हा प्रश्न असतोच. पुढच्या शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि पिशवीतून एक जुनी लाकडी बॉबिन काढली. पंचेचाळीस वर्षं जपून ठेवलेली. म्हणाले, "बाई, मला शिकवता येत नाही. पण तुटलेला धागा सांधता येतो. ते दाखवू?"

बयो, ती गाठ मी तुला कशी सांगू! दोन्ही टोकं अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत एकमेकांवर आडवी धरायची. एका धाग्याचा फेर अंगठ्याच्या नखावरून मागे न्यायचा, दुसरं टोक त्यातून खाली दाबायचं आणि ओढायचं. झालं. त्यांच्या हाताला हे करायला एक श्वास पुरतो. गाठ एवढी बारीक, की बोट फिरवलं तरी लागत नाही. "फणीत अडकली की धागा परत तुटणार, मग साचा थांबणार, मग पगार कापणार," असं मुलांना सांगत होते, आणि मुलं श्वास रोखून बघत होती.

त्यांच्या नातवाला ती गाठ पहिल्या शनिवारीच जमली. हा मुलगा वाचताना अडखळतो. जोडाक्षर आलं की थांबतो, खाली बघतो, आणि बाकीचे हसतील म्हणून आवाज बंद करतो. तोच पुढचे चार शनिवार बाकाबाकावर जाऊन सगळ्यांना गाठ शिकवत होता. ज्याला जमत नाही त्याच्या हातातून धागा काढून घ्यायचा नाही. "परत कर," एवढंच म्हणायचा आणि उभा राहायचा. मी त्याच्या पानावर त्या दिवशी तीन ओळी लिहिल्या.

बाकीच्या बातम्या भरभर सांगते. 'गुढीपाडवा, पट वाढवा' म्हणून आम्ही सगळ्या बायका ऊन डोक्यावर घेऊन इमारतींमधून फिरलो. शाळापूर्व तयारीचा मेळावाही झाला, पहिलीसाठी चौदा नावं आली, त्यातली नऊ मुलं अशी की ज्यांचे आई-वडील इथे अलीकडेच कामाला आलेत आणि घरात मराठी नाही. त्यांना आपण मराठी शिकवू, हे मी अगदी आनंदाने सांगते. इथल्या मातीत राहणारं पोर आपल्या शाळेत येतंय यापेक्षा काय हवं? पालिकेकडून मिळणाऱ्या २७ वस्तू जूनमध्ये वेळेवर हातात पडाव्यात एवढीच इच्छा, कारण पहिल्या दिवशी दप्तर मिळालं की त्या चिमुरड्यांचं रडणं निम्मं होतं.

आणि आमच्या शाळेतल्या मावशी ३० एप्रिलला निवृत्त झाल्या. तू दोन वर्षांपूर्वी आली होतीस तेव्हा तुला ज्यांनी हात धरून गच्चीवर नेलं होतं, त्याच. निरोपाचं सगळं माता-पालक गटाने केलं. कुणी पुरणपोळ्या, कुणी कटाची आमटी, कुणी साडी. वऱ्हांड्यात सतरंजी घालून आयांनी त्यांची ओटी भरली. त्यातल्या तिघी याच शाळेत शिकलेल्या, लहानपणी याच मावशींनी त्यांची नाकं पुसलेली. मावशी भाषणाला उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "नळ नीट बंद करा गं पोरींनो." मग सगळ्याच रडायला लागल्या. मी पण.

आता कालचं.

ध्वजवंदनानंतर आजोबा दोन मिनिटं बोलले. मुख्याध्यापिकाबाईंनीच त्यांना बोलावलं होतं. त्यांचे वडील २१ नोव्हेंबर १९५५ ला गोळीबार झाला तेव्हा फ्लोरा फाउंटनला होते, रात्री उशिरा घरी आले आणि आईने त्यांच्या पायाला हळद लावली, ही ऐकलेली गोष्ट. आणि १९६० च्या १ मेला चाळीच्या गॅलरीत कंदील लावले होते, ही स्वतःची आठवण. १०६ हुतात्म्यांचं नाव घेताना त्यांनी टोपी काढली, तर पहिलीच्या मुलांनीही डोक्यावर हात नेले. टोप्या नव्हत्या कुणाच्याच.

मग वर्गात निकाल. त्या मुलाला भाषेत क-२, गणितात ब-२, कार्यानुभवात अ-१. वडील रजा काढून आले होते. आधी श्रेणी बघितली, चेहरा पडला. मग आजोबा म्हणाले, "खाली बाईंनी काय लिहिलंय ते वाच." वडिलांनी पुस्तक उचललं, पण आजोबांनी ते काढून नातवाच्या हातात दिलं. "तुझंय ना? तू वाच."

मी लिहिलं होतं: 'तुटलेला धागा दिसणार नाही अशी गाठ मारून सांधतो. स्वतःला येतं ते दुसऱ्याला शिकवताना घाई करत नाही.' तो वाचायला लागला. 'दुसऱ्याला'पाशी अडकला. वर्गात इतर पालक होते, मुलं होती. माझ्या तोंडाशी तो शब्द आला होता, पण आजोबांनी माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणून मी थांबले. वडीलही थांबले. किती वेळ गेला कोण जाणे. त्याने बोट शब्दाखाली ठेवलं, ओठ हलवले, आणि म्हणाला, "दु-स-ऱ्या-ला." मग पुढची ओळ सलग वाचली. 'सुधारणा आवश्यक'मध्ये मी लिहिलं होतं की रोज दहा ओळी मोठ्याने वाचाव्यात आणि ऐकायला कुणीतरी शेजारी बसावं. ते वाचून झाल्यावर आजोबा म्हणाले, "लोकलमध्ये तासभर असतोच की. ऐकतो मी."

पण बयो, वडिलांनी दाखला मागितला. मी नाही म्हटलं नाही. म्हाताऱ्या माणसाने रोज दोन वेळा गर्दीत चढायचं, त्यात पाचवीला आता वार्षिक परीक्षा आहे, नापास झाला तर पुन्हा परीक्षा, तरी जमलं नाही तर त्याच वर्गात बसायचं. त्याला घराजवळची शाळा मिळाली तर वाचनाला वेळ मिळेल. त्यांचं बरोबर आहे, आणि तरी मला ते पटवून घेणं जड गेलं. ऑफिसात दाखला तयार होईपर्यंत मी माझ्या वहीतली त्याची पाचही पानं फाडली, टाचणी लावली आणि पाकिटात घातली. वर लिहिलं: 'इयत्ता पाचवीच्या वर्गशिक्षकांस.' वडिलांना म्हटलं, हे दाखल्याबरोबर द्या, आणि ते वाचेपर्यंत तिथून हलू नका.

माझा वर्ग आता पाचवीला दुसऱ्या बाईंकडे जाईल. बाकी बावीस मुलांची पानं मी काल त्यांच्या हातात दिली. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि विचारलं, "वही कुठून घेतलीत?"

तुझ्यासाठीही एक घेतली आहे, पार्सल करत नाही. शाळा उघडायच्या आधी दोन दिवस तुझ्याकडे येते आहे. कोकमाचं आगळ काढून ठेव, आणि तुझी मुलं सुट्टीतही अंगणात खेळायला येतात ना, त्यांना सांग यायला. आजोबांनी निघताना बॉबिन माझ्या टेबलावर ठेवली. ती घेऊनच येते. धागा मात्र तू आण, पांढरा नको, लाल आण, म्हणजे मुलांना गाठ कुठे पडली ते दिसेल.

काकींना नमस्कार. त्यांचा गुडघा कसा आहे ते कळव.

तुझीच,
मुंबईकरीण